अनुभव धागा: वेबसाइटचं होस्टिंग घेताना कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवलात?

पारिजातक, दादर

नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ मिळून फराळाचा घरगुती व्यवसाय करतो. दिवाळीच्या महिनाभर आधी परदेशी पाठवायच्या ऑर्डरी सुरू होतात आणि त्या जवळजवळ सगळ्या वेबसाइटवरून येतात. गेल्या वर्षी ऐन त्या दिवसांत साइट तीनदा बंद पडली. त्यातला एक अख्खा रविवार होता. न्यू जर्सीला राहणाऱ्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकूंनी फोन करून विचारलं, "यंदा करत नाही का गं तुम्ही?" तो प्रश्न फार लागला.

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला कंपनीकडून भाड्याने घेतलेली जागा, मी डोळे झाकून घेतलं नव्हतं. दोन आठवडे रिव्ह्यू वाचत होते. 'दहा सर्वोत्तम कंपन्या' छापाचे पाच-सहा लेख वाचले. सगळीकडे तीच नावं, फक्त क्रम वरखाली. इतक्या ठिकाणी तेच लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं वाटलं. पुढे कळलं की त्या लेखांतल्या 'इथे घ्या' बटणांमागे लिहिणाऱ्याचं कमिशन होतं. त्याने स्वतः तिथे कधी साइट चालवली होती, असं दाखवणारं एक वाक्यही लेखात नव्हतं.

आता मुदत संपतेय, नवीन शोधायचंय. फक्त कंपनीचं नाव सांगू नका. ती चांगली आहे हे तुम्हाला कोणाकडून कळलं आणि पुढे ते खरं निघालं का, ते लिहा. वाईट अनुभव असेल तर नाव टाळा, अनुभव मात्र पूर्ण सांगा.

स्लो लोकल, मुलुंड

ताई, पंधरा वर्षं छोट्या दुकानदारांच्या साइट करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाच लेखांत तीच नावं दिसतात त्याचं कमिशन हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या यादीतल्या बऱ्याच नावांचा मालक एकच असू शकतो. आपल्या मुंबईतल्या डायरेक्टी कंपनीने बिगरॉक आणि रीसेलरक्लब हे होस्टिंगचे ब्रँड २०१४ मध्ये एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुपला विकले. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर तेव्हा त्याच ग्रुपकडे होते. २०२१ मध्ये तो ग्रुप आणि वेब डॉट कॉम एकत्र येऊन न्यूफोल्ड डिजिटल झाली. मालक एक असणं हा काही दोष नाही. पण आपण दोन कंपन्यांची तुलना करतोय असं समजून एकाच घरातले दोन दरवाजे बघत असतो. म्हणून मी आधी मालक कोण ते शोधतो, मग रिव्ह्यूची तारीख बघतो. मालक बदलण्याआधीचं कौतुक आज माझ्या उपयोगाचं नाही.

कमिशन घेणारा प्रत्येक जण खोटं लिहितो असं मात्र मी म्हणणार नाही. तो ते उघड सांगतो का, एवढं बघतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्या. पैसे किंवा इतर फायदा मिळत असेल तर 'जाहिरात', 'स्पॉन्सर्ड' असं स्पष्ट लिहायचं, असं त्यात म्हटलंय. जो हे लपवतो त्याचं बाकीचं मी वाचतच नाही.

आणि एक सवय लावून घ्या. पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू सोडा, तीन ताऱ्यांचे वाचा. त्यातही ज्याने रिन्यूअल भरलंय त्याचा. माझ्या एका गिऱ्हाइकाला पहिली तीन वर्षं महिना १२९ रुपये पडले, रिन्यूअलला ३९९ झाले, वर १८ टक्के जीएसटी. कौतुकाचे बहुतेक रिव्ह्यू पहिल्याच महिन्यात लिहिलेले असतात. त्या माणसाला बिलाचा धक्का अजून बसलेलाच नसतो.

वाचनालयवाली, विलेपार्ले

आमच्या वाचनालयाच्या साइटवर साडेचार हजार पुस्तकांची सूची होती, सगळी स्वयंसेवकांनी हाताने भरलेली. 'रोजचा बॅकअप मोफत' असं तीन रिव्ह्यूंत वाचून होस्टिंग घेतलं. साइट हॅक झाली तेव्हा कळलं की अटींमध्ये बॅकअपची हमीच नव्हती, आणि जो होता तो परत मिळवायला वेगळे पैसे. पैसे भरले, हाती आली ती चार महिने जुनी प्रत. नंतर शोधलं तर एका माणसाने अगदी हेच लिहून ठेवलं होतं, तारीख आणि प्लॅनच्या नावासकट. रागाने लिहिलंय म्हणून मी ते वरवर वाचून सोडलं होतं. त्या सूचीचं काम करणाऱ्या एक आजी आता नाहीत. त्यांनी भरलेल्या शेवटच्या नोंदी गेल्या, हे मला अजून पचत नाही.

आता दर रविवारी बॅकअप उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर ठेवते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला.

हार्बर लाइन

मी रिव्ह्यू वाचायचं सोडलं. पैसे भरण्याआधी रात्री दीड वाजता सपोर्टला चॅटवर विचारतो, "तुमच्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये फाइल किती ठेवता येतात?" मर्यादा असतेच, तिला आयनोड लिमिट म्हणतात. आकडा सरळ सांगितला तर पुढे बोलतो. पैसे परत मिळण्याच्या तीस दिवसांत फुकटची मॉनिटर सेवा लावतो, ती दर पाच मिनिटांनी साइट चालू आहे का तपासते. ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद. त्याहून जास्त दिसलं तर पैसे परत मागतो. दोनदा मागितले, दोन्हीदा मिळाले, फक्त डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे, कापले.

चाळकरी, लालबाग

पारिजातक ताई, तुमच्यासारखाच ज्यांचा हंगाम असतो त्यांना विचारा. आमच्या शेजारच्या मूर्तिकारांकडे गणपतीची नोंदणी वेबसाइटवर होते. शेवटच्या पंधरवड्यात सगळी झुंबड. त्या दिवसांत साइट तगली का, हे ते एका वाक्यात सांगतात आणि त्यांना सांगण्याचे पैसे कोणी देत नाही. मी माझ्या मसाल्याच्या साइटसाठी त्यांचंच होस्टिंग घेतलं. दोन वर्षं झाली, एकदा रिन्यूअलही भरलं.

पारिजातक, दादर

चाळकरी, हे सुचलंच नव्हतं. परळला एक मूर्तिकार ओळखीचे आहेत, उद्या दुपारी जाऊन विचारते. स्लो लोकल, एक शंका: डोमेनही याच कंपनीकडून घेतलंय. होस्टिंग बदललं तर नाव जाईल का?

स्लो लोकल, मुलुंड

नाही जाणार. डोमेन आणि होस्टिंग वेगळ्या गोष्टी आहेत. डोमेन तिथेच ठेवून फक्त नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव कोणत्या होस्टिंगकडे न्यायचं ते सांगणारी नोंद, बदलले तरी चालतं. पण ते तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर आहे का, हे आजच बघा. ज्याने साइट करून दिली त्याच्या ईमेलवर असेल तर मुदत संपायच्या आत बदलून घ्या. आणि हे सगळं नवरात्राआधी उरका, ऑर्डरी सुरू झाल्यावर हात लावू नका.