बियांपासून लावलेल्या टॅरागॉनला वास का नाही?

गच्चीवरची बाग
ऑनलाइन मागवलेल्या बियांपासून मी पुण्यात आमच्या गच्चीवर टॅरागॉन लावले. रोपे जोमाने वाढून कमरेएवढी झाली आहेत. परंतु पान चुरगळले तर नुसता गवताचा वास येतो, आणि फ्रेंच पद्धतीच्या चिकनमध्ये मूठभर पाने घालूनही बडीशेपेसारखी अपेक्षित चव उतरली नाही. खत कमी पडले असेल का?

परसदार
खताचा दोष नाही. आपल्याकडे उगवले आहे ते रशियन टॅरागॉन आहे. स्वयंपाकात ज्याचे नाव आहे ते फ्रेंच टॅरागॉन क्वचितच फुलते आणि त्याला रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे त्याची लागवड मुळे विभागून किंवा फांदीचे तुकडे लावूनच करावी लागते; पाकिटातून मिळते ते बी रशियन प्रकाराचे असते. खात्री करायची असल्यास एक पान सावकाश चावून पाहावे: फ्रेंच असेल तर आधी गोडवा जाणवतो आणि मग जिभेचे टोक किंचित बधिर होते. जोतिबाला वाहतात तो दवणा याच आर्टेमिसिया प्रजातीतला, पण म्हणून तो रश्श्यात घालू नये! फ्रेंच टॅरागॉनला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते आणि मुळाशी पाणी साचलेले मुळीच चालत नाही, तेव्हा आपल्या पावसाळ्यात ते टिकवणे कठीणच. त्याऐवजी झेंडूच्या प्रजातीतले मेक्सिकन टॅरागॉन लावावे. उष्ण हवा त्याला मानवते आणि चवही बरीच जवळची असते.

ल्योंची सून
अस्सल टॅरागॉन मिळाले तर मात्र मूठभर घालू नका, चौघांच्या चिकनला दहा-बारा पाने पुरतात आणि तीही आच बंद करण्याच्या सुमारास घालावीत. बेअर्नेज सॉससाठी आम्ही व्हिनेगरमध्ये बारीक चिरलेले शॅलट कांदे आणि टॅरागॉनच्या काड्या जेमतेम दोन चमचे द्रव उरेपर्यंत आटवतो, गाळलेल्या त्या अर्कात मंद आचेवर अंड्याचे बलक फेटून वितळलेले लोणी थोडेथोडे घालतो, आणि ताजी पाने अगदी शेवटी मिसळतो. वाळवलेल्या पानांत फारसा दम राहत नाही; साठवायचेच असेल तर ताज्या काड्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवाव्यात.

तिबिलिसीचा विद्यार्थी
दहा-बारा पानांचा हिशेब जॉर्जियात कोणी ऐकून घेणार नाही. येथे वसंतात चाकापुली करताना कोकराचे मांस, आंबट हिरवे आलुबुखारे आणि पांढरी वाइन यांबरोबर टॅरागॉनच्या जुड्याच्या जुड्या पातेल्यात जातात. शिवाय तारखुना नावाचे त्याचे हिरवेगार सरबतही बाटलीतून मिळते. पहिला घोट मला खोकल्याच्या औषधासारखा लागला, आता उन्हाळ्यात त्यावाचून चालत नाही.

गच्चीवरची बाग
आत्ताच दोन पाने चावून पाहिली. जीभ पूर्ण शुद्धीवर आहे. मेक्सिकन टॅरागॉनचे रोप पुण्यात कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.