बढती अडली, त्यात प्रशिक्षणही वाया

टपालवही: काल एका प्राध्यापकांनी लिहिलं, 'विद्यापीठातल्या कारकुनांच्या ज्येष्ठतेनं होणाऱ्या बढत्या बंद करा, वर्षाला दोन प्रशिक्षणं सक्तीची करा, काम आपोआप सुधारेल.' रात्रभर डोक्यात तेच. सर, २२ वर्षांत मला एक पदोन्नती मिळाली. सहायक अधीक्षकाची जागा रिकामी आहे, बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणाची ते दाखवणारी नोंद, तपासून येत नाही म्हणून बढतीची समिती बसत नाही, आणि त्या जागेचं काम 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून माझ्याच गळ्यात. प्रशिक्षणाचं म्हणाल तर विद्यार्थ्यांची प्रवेशपात्रता तपासणाऱ्या पात्रता विभागात असताना 'समर्थ' या विद्यापीठाच्या ऑनलाइन कामकाज प्रणालीचं दोन दिवस शिकून आले. आठवड्यात बदली, आवक-जावकला. माझ्या जागी बसवलेल्या मुलाला लॉगिनसुद्धा नव्हतं. ऐन प्रवेशाचे दिवस, रांग जिन्यापर्यंत, आणि तो दर दहा मिनिटांनी फाईल छातीशी धरून माझ्याकडे धावत यायचा.

मुलीचा बाबा: ताई, तुमचं खरं असेल. पण मुलीच्या ट्रान्सक्रिप्टसाठी मी रात्रीच्या एसटीनं तीन खेपा घातल्या. माझ्या नावात 'नि' ऱ्हस्व की दीर्घ, एवढ्यावर फाईल अडवली. अडवणारे अधीक्षक होते, बढती मिळालेले! काय सुधारलं?

टपालवही: ते आयुष्यभर लेखा विभागात असतील. बढतीबरोबर परीक्षा विभाग हातात दिला, शिकवलं कुणी?

नस्ती: मुळात बढती म्हणजे काय हो? बढती अडलेल्यांसाठीच्या आश्वासित प्रगती योजनेत ठरावीक वर्षांनी वेतनश्रेणी वाढते, टेबल तेच, सहीचा अधिकार शून्य. तेवढ्यासाठीही २०२३च्या फेब्रुवारीत परीक्षांवर बहिष्कार घालावा लागला.

मुलीचा बाबा: त्याच बहिष्कारात मुलीचा पेपर पुढे गेला. पोरांना कशाला वेठीला धरलंत?

नस्ती: वर्षानुवर्षं निवेदनं दिली, तेव्हा एकानं तरी विचारलं का?

अकरा महिने: मी आठ वर्षं करारावर आहे. पात्रतेची निम्मी प्रकरणं मी काढतो. प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव नाही, 'ते कायम कर्मचाऱ्यांसाठी.' बढतीचं तर सोडाच.

नस्ती: करारावर माणसं मिळतात म्हणूनच जागा भरत नाहीत. तुम्ही येता, आमची बढतीची साखळी तुटते.

अकरा महिने: मी येतो? घरी आईची औषधं आहेत म्हणून येतो. शब्द मागे घ्या.

नस्ती: तुमच्यावर बोलायला नको होतं. भरती बंद ठेवणाऱ्यांवर राग आहे, आणि तो राहणार.

अकरा महिने: मग सेवा समितीपुढे आमचंही मांडा. दर वेळी आम्हाला वगळून निवेदन जातं.

टपालवही: या वेळी तुमची मागणी घालते, मसुदा मीच लिहितेय. आणि सर, तुमचं एक मनाविरुद्ध मान्य करते: बढतीआधी परीक्षा असू दे. पण ती ज्या टेबलावर बसायचं त्याच कामाची हवी, आणि उत्तीर्ण माणसाला किमान तीन वर्षं तिथून हलवायचं नाही.

मुलीचा बाबा: पेपर पुढे गेला ते मी विसरणार नाही. पण खिडकीवर असाच एक नवा मुलगा होता, सारखा आत जाऊन कुणाला तरी विचारून यायचा. मी त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो होतो.