उन्हाळ्यात जर्मनीत इंटर्नशिप, खोलीबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जून ते ऑगस्ट ग्योटिंगेनला एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळाली आहे. देश अनोळखी, जर्मन मोडकंतोडकं. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो काढून झाला. घोडं अडलंय खोलीपाशी.

वसतिगृहात जागा नाही. तिथल्या विद्यापीठाचे उन्हाळी सत्राचे वर्ग जुलैच्या मध्यापर्यंत चालतात, तोवर मुलं खोल्या सोडत नाहीत, म्हणजे जूनमध्ये पोटभाड्याच्या खोल्याही मोजक्याच. एक आवडली, पण ती पोटभाड्याने देणारा मुलगा आधी डिपॉझिट मागतोय आणि व्हिडिओ कॉल टाळतोय. मला तर सरळ फसवणूक वाटते. (घरचे म्हणतात, बिचारा लाजत असेल!) पोटभाडेकरू ठेवायला मूळ घरमालकाची परवानगी लागते, ती लेखी मागितली तर चालेल ना? ती खरी आहे हे इथून कसं तपासायचं? आणि सुरुवातीला एखादा आठवडा पर्यटकांच्या स्वस्त हॉस्टेलवर काढून तिथेच खोली शोधणं जमतं का?

अजून एक. डॉइचलँडटिकीट (देशभरच्या स्थानिक बस-गाड्यांचा मासिक पास) आयसीई म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही, महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापतात, एवढं कळलंय. जर्मन बँक खात्याशिवाय ते कुणी काढलंय का? कुठून?