जळगाव सोडून सुरतला चाललोय, जुनी गाडी इथूनच घेऊ की तिकडे जाऊन?

पिंप्राळा_१९

राम राम मंडळी. जरा सविस्तर लिहितो, चार जणांनी चार गोष्टी सांगून डोकं पार फिरवून टाकलंय. मला सुरतला सचिन भागातल्या एका मिलमध्ये नोकरी लागलीये, मे संपायच्या आत जायचंय, पोरीची शाळा जूनपासून तिकडेच. आई-बाबा जळगावलाच राहतील, म्हणजे आखाजी, दिवाळी, लग्नकार्य असं येणं-जाणं चालूच राहणार आणि बाबांच्या गुडघ्यामुळे त्यांना गर्दीच्या ट्रेनमध्ये चढवणं आता होत नाही, म्हणून गाडी पाहिजेच. नवी झेपणार नाही, चार लाखाच्या आत सेकंड हँड बघतोय.

मामांच्या ओळखीत एक २०१७ ची वॅगनार आहे, पेट्रोल, एमएच-१९ पासिंग, पहिलाच मालक, गृहस्थ शिक्षक आहेत, सर्व्हिसची सगळी बिलं फाईलला लावून ठेवलीयेत. पण एक मित्र म्हणतो दुसऱ्या राज्यात नेली की लगेच पोलिस अडवतात आणि पूर्ण टॅक्स परत भरावा लागतो. तिकडे सुरतला एका डीलरकडे त्याच वर्षाची सीएनजी गाडी स्वस्तात आहे, तो म्हणतो मालकाच्या सहीचे टीटी फॉर्म (गाडी नावावर करायचे) तयार आहेत, नाव सावकाश लावा. आणि बाबांचं म्हणणं, गाडी माझ्या नावावर घे, पत्ता जळगावचाच राहील, मग कोण विचारणार. यातलं खरं काय, कोणी गेलेलं असेल तर सांगा.

तापीकाठ

भाऊ, मी सुरतला उधन्याला राहतो, मूळचा अमळनेरचा. आधी मित्राचं बोलणं डोक्यातून काढ. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४७ आहे, त्यात दुसऱ्या राज्यात गाडी सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो असं आहे, म्हणजे पहिलं वर्ष तू एमएच-१९ वर बिनधास्त चालव. फक्त कोणी अडवलं तर गाडी इकडे कधी आली ते दाखवता आलं पाहिजे, म्हणून जॉइनिंग लेटर, भाडेकरार आणि फास्टॅगचं स्टेटमेंट मोबाईलमध्ये ठेव. नवापूर ओलांडल्याची तारीख टोलवरून आपोआप निघते, वाद घालायची वेळच येत नाही.

वर्षानंतर राहायचं पक्कं झालं तर जळगाव आरटीओतून एनओसी म्हणजे ना हरकत पत्र घ्यायचं, तो फॉर्म २८. त्याच्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून छाप घेतात, आणि चलन किंवा टॅक्स बाकी असेल तर एनओसी निघतच नाही. मग सुरतला फॉर्म २७ भरून जीजे-०५ नंबर. टॅक्स गुजरातमध्ये साध्या खाजगी गाडीला ६ टक्के आहे आणि जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, त्यामुळे २०१७ च्या वॅगनारला फार मोठा आकडा येत नाही. महाराष्ट्रात १५ वर्षांचा टॅक्स आधीच भरलेला असतो, त्यातला उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण आधी तिकडचा नंबर लागला पाहिजे, मग नव्या आरसीची (गाडीच्या नोंदणीचं कार्ड) प्रत जोडून जळगावला अर्ज. त्यासाठी फेऱ्या माराव्या लागतात, तुझे बाबा तिथे आहेत तर हे काम होऊन जाईल.

माझं स्पष्ट मत, माहितीतली गाडी जळगावलाच घे. मालकाच्या घरी बसून चहा पिता येतो, गाडी कुठल्या गॅरेजला जायची ते शेजाऱ्यालाही माहीत असतं, परक्या शहरात नवीन माणसाला हे मिळत नाही.

ग्रीस_आणि_पाना (धुळे)

पारोळा रोडला माझं गॅरेज आहे, म्हणून फक्त गाडीबद्दल आणि त्या डीलरबद्दल लिहितो.

सहीचे कोरे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजेच ते टीटी फॉर्म, घेऊन गाडी विकणं हा प्रकार मला अजिबात पटत नाही. आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं राहतं, मध्ये गाडी कोणी कोणी फिरवली ते कळत नाही, उद्या तो मालक वारला किंवा सही माझी नाही म्हणाला तर तुमची गाडी अडकली. आमच्या एका गिऱ्हाईकाची अशीच परराज्यातून आणलेली डिझेल गाडी दारात उभी आहे, पैसे पूर्ण दिलेत आणि गाडी नावावर नाही, विकताही येत नाही. डीलरला सरळ सांगा, आधी मालक समोर आणा, नाव लागल्यावर बाकीची रक्कम देतो. तयार नसेल तर सोडून द्या.

सुरतची गाडी बघायचीच झाली तर अजून एक. तिथे पावसाळ्यात खाडीला पूर येतो, लिंबायत, पर्वत पाटियाकडे पाणी शिरतं, आणि पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. सीट बेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढायचा. वरचा पट्टा सगळे साफ करतात, आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहून जाते. मग डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोलगट पत्र्यात हात फिरवायचा, बारीक गाळ बोटाला लागतो. पुढच्या सीटखालच्या नट-बोल्टला गंज असेल आणि गाडी वर चकाचक असेल तर पुढे बोलायचंच नाही. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर चढलेलं आहे का तेही बघा, नसेल तर विम्याच्या वेळी रडारड होते.

वॅगनार कोंडाईबारीच्या घाटातून न्यायची आहे म्हणून क्लच बघून घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर जोरात दाबा, इंजिनचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लचप्लेट गेली, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.

नंदुरबारची_लेक

दादा, बाबांच्या नावावर अजिबात घेऊ नका, कळकळीने सांगते, मी विम्याचं काम करते. एक तर कायदा गाडी कुठे ठेवली ते बघतो, मालक कुठे राहतो ते नाही, त्यामुळे १२ महिन्यांचा नियम तसाही सुटत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट, पॉलिसीत जे १५ लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण असतं ते मालक-चालकाचं असतं. मालक बाबा आणि चालवणार तुम्ही, तर देव न करो काही झालं, तर त्या १५ लाखांवर वहिनींना हक्क सांगता येणार नाही. रोज चालवणार तुम्ही, तर आरसी, लायसन्स आणि पॉलिसी तिन्ही तुमच्याच नावाने पाहिजेत.

गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवा. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाव बदलल्याशिवाय येत नाही, लोक इथेच गाफील राहतात. सरांचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळणार नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून तेवढा फरक भरायची तयारी ठेवा. सुरतला गेल्यावर प्रीमियम वाढेल ही भीती मात्र नको, विम्याच्या दरासाठी पुणे-मुंबई-अहमदाबाद झोन ए मध्ये आहेत, जळगाव आणि सुरत दोन्ही झोन बी.

अक्कलकुवा_ते_अंकलेश्वर

माझं थोडं वेगळं मत आहे. सुरतेत पाच-सात वर्षं राहायचंच असेल तर दोन महिने थांबून तिकडेच जीजे पासिंगची घ्यावी, एनओसी, परतावा काहीच करत बसावं लागत नाही, आणि सीएनजीचे पंप तिकडे जागोजागी आहेत, रोजच्या अप-डाऊनला पेट्रोल परवडत नाही. भाडेकरार झाला की तिथला पत्ता दाखवता येतो, त्याच्याआधी तिथे नावावर करायला गेलात तर पत्त्यावरच अडेल.

पण नोकरी टिकेल का, परत यावं लागेल का अशी धाकधूक असेल तर उलटा हिशोब करा. गुजरातची गाडी महाराष्ट्रात आणली की टॅक्स महाराष्ट्राच्या दराने लागतो, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे, जुनी म्हणून कमी होईल तरी गुजरातच्या जवळपास दुप्पट दर. जाताना स्वस्त, येताना महाग. आणि मिलचा मालक मोठा असेल, चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असतील तर बीएच (भारत सिरीज, सगळ्या राज्यांत चालणाऱ्या) नंबरची चौकशी करा, २०२१ ला तो नव्या गाड्यांसाठी आला, डिसेंबर २०२२ च्या बदलानंतर जुन्या गाडीलाही घेता येतो.

पिंप्राळा_१९

सगळ्यांचे मनापासून आभार. मिल एकाच राज्यात आहे त्यामुळे बीएच नाही. पहिलं वर्ष प्रोबेशन आहे, म्हणून परत यायची शक्यता धरूनच चालावं लागेल, डीलरला आजच नाही म्हणून कळवलं. वॅगनार माझ्याच नावावर घेतो. पण एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर बघितलं तर कर्ज फिटूनही आरसीवर बँकेचं नाव दिसतंय. सर म्हणतात नंतर काढून देतो.

तापीकाठ

नंतर नाही भाऊ, आधी. सरांना बँकेतून कर्ज फिटल्याचं पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणायला सांग, एचपी (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको, हवं तर थोडं टोकन दे. तुझं आधार अजून जळगावचं आहे तोवरच नाव लावून घे, पत्त्याची भानगड येत नाही. सरांचा फास्टॅग त्यांना बंद करायला लाव, नवा तुझ्या नावाने काढ, नाहीतर तुझ्या टोलचे पैसे त्यांच्या खात्यातून कटत राहतील. आणि आरसी हातात आल्याशिवाय मेची तारीख धरून बसू नको, आठ दिवस उशिरा नेली तरी चालेल, तोपर्यंत उधन्याला उतरलास की मी घ्यायला येतो.