कापसाच्या हंगामात ख्रिस्ती विश्वास शेतात कसा दिसावा?

पऱ्हाटीवाला:
सलाम मंडळी. रविवारची उपासना, घरची प्रार्थना नेमानं चालू आहे. पण पाच एकर पऱ्हाटी आहे, वेचायला गावातल्या बाया येतात, आणि हंगामात सगळं ध्यान काट्यावर अन् भावावर असतं. विश्वास शेतातही दिसायचा तर नेमकं काय करावं? अन् पहिल्या वेचणीला बाया शेतात सीतादहीची पूजा करतात, ती करू द्यावी का? रविवारी वेचणी ठेवावी का?

बांधावरून:
भाऊ, काट्यापासून सुरुवात करा. बायबलात लेवीय १९:३५-३६ मध्ये खऱ्या तराजूची, खऱ्या वजनांची सरळ आज्ञा आहे, आणि वेचणी किलोवर असली की ती रोज संध्याकाळी लागू होते. ताणकाट्याची स्प्रिंग वापरून बिघडते. अधूनमधून शिक्क्याचं ५ किलोचं वजन लटकवून पाहा, रिकामा काटा शून्यावर हवा. गाठोड्याचं फडकं एकदा मोजा आणि तेवढंच वजा करा. सरसकट किलोभर कापणं ही चोरीच. आकडा मोठ्यानं सांगून बाईसमोरच वहीत लिहा.

मजुरी त्याच दिवशी द्यावी असं बायबलातलं अनुवाद २४:१५ सांगतं. आठवड्याचा हिशेब दोघांनी मिळून ठरवला असेल तर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पैसे हातात पडू द्या. बाजार उठल्यावर दिले तर तिला तेल-मीठ उधारीनं घ्यावं लागतं. "जिनिंगचा चुकारा (विकलेल्या कापसाचे पैसे) आला की देतो" हे बोलूच नका. चुकारा अडकला तर ती जोखीम मालकाची. म्हणून वेचणीआधीच दोन आठवड्यांची मजुरी बाजूला काढून ठेवा.

तूर-कापूस:
विक्रीचंही तेच. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात, ते खोटं वजनच झालं. शिवाय परवडतही नाही: सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव धरते, १२ पर्यंत कपात करते, त्याच्यावर घेतच नाही. दव उतरल्यावर वेचा, ताडपत्रीवर ऊन दाखवा. कवडी (किडका, डागाळलेला कापूस) वेगळी ठेवा, चांगल्या कापसाच्या पोटात दडवू नका. प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, त्याचे धागे रुईत जातात आणि ते पुढं सुतापर्यंत निघत नाहीत.

उपकारस्तुती:
सीतादहीबद्दल. पूजा तुम्ही करू नये, प्रसादही घेऊ नये, कारण १ करिंथ १०:२८ मध्ये "हे अर्पण केलेलं आहे" असं कोणी सांगितलं तर खाऊ नये असं आहे. पण बायांना अडवू नका, त्यांचा विवेक त्यांचा. हे आदल्या दिवशीच प्रेमानं सांगा. ऐन सकाळी धुऱ्यावर उभं राहून सांगितलं तर अपमान होतो. तुमच्याकडून त्या दिवशी सगळ्यांना चहा-नाश्ता द्या, आणि पहिल्या वेचणीतला वाटा मंडळीत (चर्चमध्ये) आणा.

बांधावरून:
एक जोडतो. नारळाला पैसे मागितले तर पूजेच्या नावानं देऊ नका, तेवढीच रक्कम प्रत्येकीच्या मजुरीत वाढवा. काही पाळक नारळाचे पैसे द्यायलाही हरकत घेत नाहीत. मला ते पटत नाही, कारण गावाला त्यातून पूजेत सहभाग दिसतो.

तूर-कापूस:
रविवारी वेचणी बंद ठेवा, पण हे हंगामाआधी सांगा, म्हणजे बायांना त्या दिवशी दुसरीकडे काम धरता येतं. ढोरांचं चारा-पाणी, दूध काढणं थांबत नाही. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही काढतातच (लूक १४:५). वेचलेला कापूस उघड्यावर असताना पाऊस आला तर घरच्यांनी झाकावा.

फवारणीही याच हिशेबात घ्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. मजुराला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा मालकानं द्यावा. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारायला लावू नये, दोन-तीन औषधं मनानं मिसळू नयेत, धुऱ्यावर साबण-पाणी ठेवावं. उलटी-चक्कर आली तर औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात न्या. डॉक्टरला विष कोणतं ते कळलं पाहिजे.

उपकारस्तुती:
आणि सरवा, म्हणजे काढणीनंतर वावरात उरलेला माल. लेवीय १९:९-१० नुसार तो गरिबांचा आहे. सोयाबीन निघाल्यावर लगेच ढोरं सोडू नका किंवा वखर घालू नका. दोन-तीन दिवस वावर मोकळं ठेवा आणि गावात तसं कळवा, नाहीतर चोर म्हणतील या भीतीनं कोणी येत नाही.