झहाकचे साप आणि मॅकबेथचे विंचू: फरक नेमका कसा मांडायचा?

नौपाडा_वाचक:
मंडळी जरा मदत करा. आमच्या ठाण्यातल्या वाचनगटात रविवारी मला बोलायचंय, विषय घेतलाय शाहनामा, म्हणजे फिरदौसीचं फारसी महाकाव्य, आणि शेक्सपिअरच्या शोकांतिका, पाप दाखवायला कुठल्या प्रतिमा येतात ते. शाहनाम्यात इब्लिस, म्हणजे सैतान, झहाक राजाच्या खांद्यांचा मुका घेतो आणि तिथून दोन काळे साप निघतात, कापले तरी परत येतात, मग तोच इब्लिस वैद्य बनून येतो आणि सांगतो ह्यांना माणसांचे मेंदू खायला घाला. इकडे राजाचा खून करून गादीवर बसलेला मॅकबेथ बायकोला म्हणतो माझं मन विंचवांनी भरलंय. तर फिरदौसीचं पाप बाहेर आणि शेक्सपिअरचं आत, असं म्हणून टाकू का? मला ते फार सोपं वाटतंय.

नेरुळची_मीरा:
सोपंच आहे, तेवढ्यावर थांबू नका. साप झहाकच्या अंगावर आहेत पण जीव जातो दुसऱ्यांच्या पोरांचा, रोज दोघांचा. आणि मला सापांपेक्षा तो कागद जास्त हादरवतो. झहाक दरबारातल्या मोठ्या लोकांकडून लिहून घेतो की आपला राजा न्यायी आहे, सगळे घाबरून सह्या करतात, आणि कावे लोहार, ज्याची पोरं सापांच्या तोंडी गेलीत, तो आपला शेवटचा मुलगा सोडवून घेतो आणि सही करायच्या ऐवजी तो कागद टराटरा फाडतो. मॅकबेथमध्ये असं भर दरबारात तोंडावर कोणी बोलत नाही, तिथे लोक आपापसात म्हणतात की राजपद त्याच्या अंगावर ढगळ लोंबतंय, राक्षसाचा झगा बुटक्या चोराने घातल्यासारखं. ही जोडी घ्या, भाषण उभं राहील.

कोपरी_पूर्व:
मीराताईंचं पटलं, पण माझ्या मते खरी जागा सोहराबची आहे, बाप रुस्तम ज्याला न ओळखता मारतो त्या सोहराबची. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच फिरदौसी विचारतो, वादळ उठलं आणि कच्चं महाळुंग धुळीत पाडलं तर त्या वाऱ्याला जुलमी म्हणायचं की न्यायी? वाचताना वाटतं चला, दोष नशिबाचा. आणि पुढे काय दिसतं? रुस्तम आपलं नाव लपवतो. कुस्तीत पहिल्यांदा खाली पडल्यावर थाप मारून सुटतो की पहिल्या पाडावात मारायची रीत नाही. आणि पोरगा मरत असताना औषध काऊस राजाकडे असतं, तो देत नाही, का तर बाप-लेक एकत्र आले तर आपलं सिंहासन जाईल. ह्यात वारा कुठे आला, सगळी माणसंच! शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्येही तेच, डोळे फोडलेला सरदार ग्लॉस्टर म्हणतो देव आम्हाला मारतात, खोडकर पोरं माशा मारतात तसं, पण त्याचे डोळे माणसांनीच फोडलेत आणि चांगल्या मुलाला घराबाहेर त्यानेच काढलंय. म्हणजे दोन्हीकडे प्रतिमा दोष वर ढकलते आणि कथानक तो खाली ओढून आणतं. फरक एवढाच की वाऱ्याचा प्रश्न फिरदौसी स्वतःच्या तोंडाने विचारतो, आणि माशांचं वाक्य एका दुखावलेल्या म्हाताऱ्याचं आहे, ते शेक्सपिअरचं मत म्हणून सांगू नका प्लीज, बरेच जण सांगतात.

नेरुळची_मीरा:
अहो आणि त्याच ग्लॉस्टरला शेवटी तो घराबाहेर काढलेला मुलगा, एडगर, सांगतो की माणसाचं पिकणं हेच सगळं. इकडे कच्चं फळ बापाच्या हातून पडतं, तिकडे मुलगा आंधळ्या बापाला हाताला धरून नेतो आणि पिकण्याबद्दल बोलतो. मला तर हे आत्ता लिहिताना जाणवलं, अंगावर काटा आला.

नौपाडा_वाचक:
खूप आभार दोघांचे. मग सोहराबपासूनच सुरू करतो, झहाक नंतर. गटात दोन पारशी आजोबा येतात, १८५३ साली मुंबईत पारशी नाटक मंडळीने पहिलं नाटक रुस्तम-सोहराबचंच केलं होतं, त्याबद्दल त्यांना बोलतं करीन. काऊस औषध नाकारतो तो भाग मोठ्याने वाचायचा विचार आहे, मराठीत थोडक्यात सांगून मग वाचू का थेट?

कोपरी_पूर्व:
थेट वाचा. काऊसचं कारण आधी सांगितलंत तर त्यातली हवाच जाईल.