समलिंगी मुलगी मदत मागायला आली, तर समाजकार्यकर्तीने तिच्या घरी फोन करावा का?

रानजाई
विषय समाजकार्यकर्त्यांचा आहे, पोलिसांचा किंवा आईबापांचा नाही, हे आधीच सांगते. घरातून निघालेली लेस्बियन मुलगी ज्या टेबलासमोर येऊन बसते, तिथे बहुतेक वेळा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली बाई असते. महिला कक्षात, हिंसाग्रस्त बायकांसाठीच्या सरकारी वन स्टॉप सेंटरमध्ये, एखाद्या संस्थेच्या समुपदेशन केंद्रात. ती शिव्या देत नाही, हाकलून देत नाही. चहा मागवते आणि विचारते, "आईला फोन करू या का?" मुलगी नको म्हणते. थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा. संध्याकाळी भाऊ आणि मामा दारात हजर.

आपल्याकडच्या समाजकार्यकर्त्यांमध्ये समलिंगी माणसांबद्दल उघड द्वेष मला क्वचितच दिसला आहे. पण घर जोडायचं, समेट घडवायचा, ही सवय कामात इतकी मुरलेली असते की समोरची मुलगी त्याच घरातून जीव वाचवून आली आहे हे ऐकूच येत नाही. घरी नेल्यावर काय होतं? मोबाइल काढून घेतात, मारहाण होते, स्थळं बघायला लागतात, 'इलाज' करणारा डॉक्टर शोधतात. कार्यकर्ती मायाळू होती, एवढ्याने यातलं काही टळत नाही. सज्ञान व्यक्तीच्या होकाराशिवाय घरी कळवणाऱ्या कार्यकर्तीवर कारवाई व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तालुक्यातला
ताई, मी मराठवाड्यात हेच काम करतो, त्यामुळे लागलं. आता माझी बाजू ऐका.

मुलगी माझ्याकडे पोचते तोवर घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिलेली असते. अनेकदा मैत्रिणीवर पळवून नेल्याचा आरोपही केलेला असतो. मी फोन केला नाही तरी पोलीस करणारच, आणि मग बोलणी चौकीत, भावकीसमोर होतात. त्यापेक्षा आईला एकटीला बोलावून घ्यावं, असं मला वाटतं. आई एकटी असली की वेगळी बोलते. दोन-तीन घरांत मी स्वतः पाहिलंय, बापाला न सांगता आईने मुलीची कागदपत्रं आणून दिली. दहावीची सनद, आधार, बँकेचं पासबुक. ती नसतील तर ही मुलगी पुण्या-मुंबईत नोकरीला तरी कशी लागणार?

आणि निवारागृहात किती दिवस ठेवणार? तिथल्या अधीक्षक बाईच विचारतात, "दोघींना एका खोलीत कसं ठेवू?" कारवाईचा धाक घातलात तर माझे सहकारी एवढंच म्हणतील की हा विषय आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे जा. तालुक्याला दुसरीकडे म्हणजे कुठे?

पाऊलवाट
माझं मत इथे कुणाला आवडणार नाही, तरी मांडतो. मला हे संबंध पटत नाहीत. माझ्या श्रद्धेत ते बसत नाहीत. पण मारहाण झालेल्या कुणालाही मी दवाखान्यात नेतो, जेवू घालतो, तक्रार लिहून देतो. एवढ्यावर माझं काम तपासा. मनातही मान्यता हवी, अशी अट घातलीत तर निम्मे लोक हे क्षेत्र सोडतील.

सोलापूरचा
@पाऊलवाट, दादा, तुमची श्रद्धा तुमच्याजवळ राहू द्या, मला तिचं काही नाही. पण मनातलं मत कामात उतरत नाही हे मला मान्य नाही. मी गे आहे. चोविशीत एका समुपदेशन केंद्रात गेलो होतो. तिथले गृहस्थ अतिशय प्रेमळ, अजूनही त्यांच्याबद्दल राग नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लग्न करून बघ, जबाबदारी आली की माणूस बदलतो." त्यांना ते मत वाटलंच नाही, तो त्यांच्यासाठी सल्ला होता.

मी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं अशांना ओळखतो. त्यांच्या बायका आज त्याच केंद्रांमध्ये येऊन बसतात, "नवरा जवळ येत नाही, माझं काय चुकलं" असं विचारत. त्या बाईचा विचार तो सल्ला देताना कुणी केला होता?

कोर्टकचेरी
वकील आहे, म्हणून कायद्यापुरतं लिहिते.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मिळाला नाही, हेही. कार्यकर्त्यांना सहसा ठाऊक नसतात त्या गोष्टी निराळ्या.

एक म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. तो फक्त सासरच्या छळासाठी आहे असं धरून चालतात. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणारी मुलगी बापाविरुद्ध, भावाविरुद्ध त्याखाली संरक्षण मागू शकते. लेस्बियन मुलीला कोंडून ठेवलं तर या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला त्यावर काम करता येतं. मी असे अर्ज केले आहेत. पहिला प्रश्न हमखास येतो, "पण नवरा कुठे आहे?"

दुसरं, मार्च २०२४ मध्ये देवू जी. नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कोंडून ठेवलेली व्यक्ती कोर्टापुढे आली आणि घरी जायचं नाही म्हणाली, तर तिला लगेच मोकळं करायचं. समुपदेशनाला पाठवायचं नाही, आईवडिलांच्या ताब्यात द्यायचं नाही. न्यायाधीशांना जे करायला मनाई आहे ते महिला कक्षातल्या टेबलावर रोज होतंय.

@तालुक्यातला, हरवल्याच्या तक्रारीचं म्हणाल, तर सज्ञान मुलीने ठाण्यात जबाब दिला की "मी स्वखुशीने आले," तेवढं त्या तक्रारीला पुरतं. पत्ता घरच्यांना देण्याची गरज नसते.

एमएसडब्ल्यू दुसरं वर्ष
आमच्याकडे जातीवर अख्खं सत्र शिकवलं, आणि छान शिकवलं. लैंगिकतेवर एकच पाहुणे व्याख्यान झालं, तेही एचआयव्हीच्या अंगाने. मला वाटतं मेख इथेच आहे. एचआयव्हीच्या कार्यक्रमांमधून समलिंगी पुरुष 'जोखमीचा गट' म्हणून समाजकार्याच्या नजरेत आले. त्यासाठी निधी होता, कंडोमचं वाटप होतं, रजिस्टर होतं. समलिंगी बायका त्या रजिस्टरमध्ये कधी नव्हत्याच. तृतीयपंथी व्यक्तींसाठी आता गरिमा गृह ही निवाऱ्याची योजना आहे, लेस्बियन मुलीसाठी तशीही सोय नाही. त्यामुळे ती समोर आली की कार्यकर्तीजवळ एकच साचा असतो, 'घरातून पळालेली मुलगी'.

रानजाई
@एमएसडब्ल्यू, हे फार नेमकं लिहिलंस.

@तालुक्यातला, दादा, कागदपत्रांचा मुद्दा खरा आहे आणि तुमच्या हेतूवर माझा संशय नाही. पण ज्या घरांत आईने सनद आणून दिली तीच तुम्ही मोजताय. ज्या मुली फोननंतर परत गेल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत, त्यांचं काय झालं हे तुमच्या फायलीत कुठे लिहिलंय? 'समेट झाला, प्रकरण बंद' एवढंच असतं. मद्रास उच्च न्यायालयापुढे २०२१ मध्ये मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन मुलींची अशीच केस होती. तिथले न्यायमूर्ती आनंद वेंकटेश निकाल देण्याआधी स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे जाऊन बसले, कारण आपल्याला या विषयातलं कळत नाही हे त्यांनी मान्य केलं. आदेशात त्यांनी अल्पमुदतीच्या निवारागृहांत या समुदायासाठी बदल करायला सांगितलं. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला शिकावंसं वाटलं, मग आपल्या केंद्रांमध्ये दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला "आम्हाला सगळं माहीत आहे" हे उत्तर का येतं?

पाऊलवाट
सोलापूरच्या दादांनी त्या बायकांचं लिहिलं ते डोक्यातून जात नाहीये. लग्नाचा सल्ला मी कुणालाही देणार नाही, एवढं मान्य. मान्यतेबद्दल माझं मत तेच आहे.

तालुक्यातला
@कोर्टकचेरी, मॅडम, २००५ च्या कायद्याचं माहीत होतं, पण माहेरच्यांविरुद्ध कधी वापरला नाही. अर्जाचा नमुना असेल तर पाठवा, कामाला येईल.

ताई, कारवाई कुणी करायची ते आधी सांगा. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले 'इलाज' डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले, कारण डॉक्टरांची नोंदणी असते. आपल्या क्षेत्रात सगळ्या कार्यकर्त्यांची अशी नोंदणी करणारी परिषद नाही. कारवाई म्हणजे संस्था कंत्राटावरच्या बारा-पंधरा हजारांच्या मुलीला काढून टाकणार, अधीक्षक तिथेच राहणार.

लेखी संमती घेतल्याशिवाय घरी फोन नाही, हे मी आमच्या केंद्रापुरतं उद्यापासून लावू शकतो. पण मुलगी नको म्हणाली आणि बाहेर तिचे लोक गाडी घेऊन उभे असले, तर रात्री अकरा वाजता मी तिला कुठे पोचवू? मराठवाड्यातला एक पत्ता द्या. मुंबई-पुण्यातला नको.

रानजाई
लेखी संमती आजपासूनच लावा. मराठवाड्यातला पत्ता माझ्याजवळ नाही. आंतरजातीय जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात सुरक्षा गृहं करण्याचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारांना २०१८ मध्येच सांगितलंय. दोन मुलींनाही तिथे घ्यावं, असा अर्ज तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आपण मिळून देऊ. मसुदा कोर्टकचेरी मॅडम बघतील का?

कोर्टकचेरी
बघते. जिल्हा कोणता ते व्यनि (खाजगी निरोप) करा.